चौकट कोणाची?

१८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर विक्रीला आला. तो पुण्यात घडला होता. नॉडिंग हेड्स गेम्स हा त्यामागचा छोटा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. पुणं त्या दिवसांत करोनाच्या पहिल्या लाटेत होरपळत होतं. आपल्याच गावातल्या काही जणांनी एक अख्खं प्राचीन नगर जगभरच्या खेळाडूंपुढे उभं केलंय, याची दखल घ्यायला कुणाला उसंत नव्हती. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी जी पाच नामांकनं झाली, त्यांत राजी होता. पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला गेलं. तरीही पुण्यात घडलेला गेम त्या यादीत दिसणं ही लहान गोष्ट नव्हती.

राजीकडे मी वळले ते खेळाच्या ओढीनं नव्हे, एका चित्रामुळे. माझ्या भाच्यानं ते मोबाइलवर दाखवलं. उंचच उंच तटबंदी, तिच्यावर पडलेलं तिरपं ऊन आणि कडेला अगदी इवलीशी दिसणारी एक मुलगी. “मावशी, हा फोटो मी काढलाय,” तो म्हणाला. चित्र खरोखर सुरेख होतं. मी विचारलं, “आणि ही तटबंदी कुणी काढली?” त्याला सांगता आलं नाही. गेमचं नाव त्याला ठाऊक होतं, तो घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. या लेखाला कारण झालं ते हे संभाषण.

गेममधल्या जगात हिंडून, जागा शोधून, प्रकाश आणि कोन पारखून छायाचित्रं काढणं याला व्हर्च्युअल फोटोग्राफी म्हणतात. नुसता स्क्रीनशॉट घेण्याहून हे वेगळं. आज बहुतेक मोठ्या गेममध्ये त्यासाठी ‘फोटो मोड’ असतो. खेळ थांबवायचा, कॅमेरा पात्राच्या पाठीवरून सोडवून घ्यायचा आणि हवा तसा फिरवायचा. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १९९९च्या ‘पोकेमॉन स्नॅप’मध्ये फोटो काढणं हाच खेळ होता आणि ते फोटो दुकानातल्या यंत्रावर नेऊन स्टिकरच्या रूपात छापून घेता येत. २००४च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ४’मध्ये आपली गाडी एखाद्या शहरात उभी करून तिचे फोटो काढता येत. पण ज्या गेममध्ये अशी सोय नव्हती, तिथे हौशी लोक प्रोग्रॅमच्या पोटात शिरून कॅमेरा मोकळा करायचे. डंकन हॅरिस या ब्रिटिश पत्रकारानं ‘डेड एंड थ्रिल्स’ या नावानं अशी चित्रं काढायला सुरुवात केली. ती इतकी देखणी होती की पुढे गेम कंपन्याच आपल्या गेमची अधिकृत चित्रं काढायला त्याला बोलावू लागल्या. छंदाचा पेशा झाला तो असा.

आता एक फोटो निघतो कसा, ते जवळून सांगते. भाच्यानं माझ्यासमोर ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ लावला. २०१७चा हा गेम नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीचा. त्यातला एक अख्खा अध्याय पश्चिम घाटात घडतो आणि पुढची वाट होयसळांच्या शिल्पवैभवाकडे जाते. जीप चिखलातून उसळत चालली होती. “थांब, थांब, इथंच,” असं स्वतःशीच पुटपुटत त्यानं खेळ थांबवला. चाकांखालून उडालेला चिखल हवेत तसाच राहिला. मग त्यानं कॅमेरा खाली आणला, जवळजवळ जमिनीला टेकवला. दृष्टिक्षेत्राचा कोन कमी केला, तसा मागचा डोंगर पुढे सरकून जीपच्या पाठीशी येऊन उभा राहिला. टेलिफोटो लेन्सनं अंतरं आवळली जातात तसंच. मग फोकस चाकावर आणून मागचं सारं किंचित धूसर केलं. शेवटी क्षितिजाची रेष सरळ करायला त्यानं दोन-तीन मिनिटं घेतली. एवढ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही. मी अनेक चांगल्या छायाचित्रकारांना काम करताना पाहिलं आहे, आणि ही शांतता मला ओळखीची वाटली. पाहण्याचं शिक्षण त्या मुलाला कुठल्याही वर्गात मिळालेलं नव्हतं, पण ते त्याला मिळालं होतं यात शंका नाही.

तो घाट कॅलिफोर्नियात बसून बांधलेला. कर्नाटकातला म्हणून दाखवलेला असल्यानं आपल्या सह्याद्रीचा काळा, थरांवर थर चढलेला कातळ तिथे मी शोधलाही नाही. पण पावसाळी हवेतला ओलसर हिरवेपणा पाहून एक गोष्ट मनाला लागली. मुळशी-ताम्हिणीचा पाऊस आपल्या इतका जवळ आहे, आणि आपल्याकडच्या मुलांना घाटात कॅमेरा घेऊन हिंडता येतं ते परक्या कंपनीनं बांधलेल्या घाटात.

कॅमेऱ्याचं सगळं बोलणं खऱ्या छायाचित्रणातून उचललेलं असलं तरी या कॅमेऱ्यात प्रकाश शिरत नाही. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका गणित करून रंगवलेला असतो. साध्या एचडी पडद्यावर असे सुमारे २० लाख ७० हजार ठिपके, फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानं चालत असेल, तर एका चित्रासाठी यंत्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. त्यामुळे गेम बांधणारे कारागीर काटकसर करतात. जे दिसणार नाही ते रंगवायचं नाही. दूरचं झाड साध्या, कमी तपशिलांच्या रूपात उभं करायचं, जवळ गेल्यावर त्याच्या जागी भरगच्च झाड आणायचं. भिंतीची खेळाडूकडची बाजू घडवायची, पाठ मोकळी सोडायची. म्हणून फोटो मोड देणं हा कर्त्यांसाठी धाडसाचा निर्णय असतो. परक्या माणसाच्या हाती कॅमेरा दिला की तो नेमका भिंतीमागे जाणार. यासाठीच बहुतेक गेममध्ये मोकळा कॅमेरासुद्धा पात्रापासून ठरावीक अंतरापलीकडे जाऊ देत नाहीत. मोठ्या कंपनीला चारी बाजूंनी नगर बांधणं परवडतं. मूठभर माणसांच्या स्टुडिओला प्रत्येक भिंतीचा हिशेब करावा लागतो.

राजी मला महत्त्वाचा वाटतो तो इथे. एरवी खेळाडू कॅमेरा हवा तसा वळवतो. राजीत खेळताना कॅमेरा त्याच्या हाती नसतोच. तो उंचावरून, तिरका, कर्त्यांनी ठरवलेल्या वाटेनं चालतो. बऱ्याच ठिकाणी तो इतका दूर जातो की राजी, म्हणजे सर्कशीत कसरती करणारी आणि असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पडद्यावर एक ठिपका होऊन जाते आणि उरलेली सारी चौकट दुर्गेचा किल्ला व्यापतो. काही समीक्षकांनी या दूरच्या कॅमेऱ्याबद्दल तक्रार केली. लढाईत गैरसोय होते हे खरं. पण चित्र म्हणून पाहाल तर माझं मत कर्त्यांच्या बाजूचं आहे. पहाडी लघुचित्रांत माणूस छोटा आणि महाल, बाग, आभाळ मोठं असतं. राजीच्या चित्रशैलीची प्रेरणा तीच आहे, आणि गेममधल्या भिंती व पोत त्याच धाटणीत रंगवलेले आहेत. वास्तू राजस्थानच्या मध्ययुगीन गडांवरून घेतलेल्या, कथेचे काही भाग छायाबाहुल्यांतून सांगितलेले, संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. भिंतींवरच्या चित्रांपाशी राजी थांबली की दुर्गा आणि विष्णू त्यांच्या कथा बोलू लागतात. हे दोघेच या गोष्टीचे निवेदक.

म्हणजे भाच्यानं तो फोटो काढला तेव्हा कोन त्याचा नव्हता. त्यानं क्षण निवडला. राजी कड्याच्या टोकाशी येईपर्यंत तो थांबला आणि मग बटण दाबलं. क्षण निवडणं हे छायाचित्रकाराचं अर्धं काम असतं, ते मी कमी लेखत नाही. पण उरलेलं अर्धं, म्हणजे ऊन कुठून यावं, तट कितपत कलावा, मुलगी किती लहान दिसावी, हे पुण्यातल्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

राजीचा जन्मही सहज झाला नाही. २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. त्यानंतर प्रत्यक्ष विक्रीपर्यंत जवळजवळ तीन वर्षं गेली. ऑक्टोबर २०२०मध्ये तो संगणकावर आणि इतर यंत्रांवर आला आणि २०२२मधल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. मराठी मात्र नाहीत. पुण्यात घडलेल्या गेममध्ये मराठी ऐकू यावी ही माझी इच्छा आहे, आणि ती पुरी व्हायला मराठी बोलणाऱ्यांनी आधी तो विकत घेऊन खेळायला हवा, हेही मला समजतं.

नगरं खोटी बांधायची आणि खरी वाटायला लावायची, हे काम पुण्याला नवं नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी तिचा ‘अमृतमंथन’ पडद्यावर झळकला. त्यातलं राज्य, मंदिर, बळी मागणारा राजगुरू, सारं या गावात उभारलेलं. १९६०पासून त्याच आवारात आजची चित्रपट प्रशिक्षण संस्था चालते. प्रभातची आठवण काढायची ती एका कारणासाठी. अमृतमंथनचं दिग्दर्शन शांतारामबापूंचं, कॅमेरा केशवराव धायबरांचा, आणि नेपथ्यामागचा हात साहेबमामा फत्तेलालांचा, हे चित्रपटाची आवड असलेल्या मराठी माणसाला सांगता येतं. चौकट एकाची, भिंत दुसऱ्याची, आणि दोघांनाही नाव. फत्तेलालांनी उभारलेल्या महालाचा फोटो काढून कुणी नुसतं ‘माझा फोटो’ म्हणून लावला असता, तर प्रभातच्या माणसांनी त्याला विचारलं असतं. गेमच्या दुनियेत हे विचारणारं कुणी नाही.

आणि इथे भिंत बांधणारे हात किती आहेत आणि कुठे कुठे आहेत! युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८पासून आहे. बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७मध्ये सुरू झाली. तिनं परदेशी गेमसाठी वर्षानुवर्षं गाड्या आणि जागा घडवून दिल्या; ‘फोर्झा’ मालिकेतल्या मोटारीही त्यांत आल्या. २०१९मध्ये ती रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीनं विकत घेतली. ‘फोर्झा होरायझन’ हा आज जगातल्या व्हर्च्युअल छायाचित्रकारांचा लाडका गेम. त्यातल्या चकचकीत बॉनेटवर पडलेल्या सूर्यास्ताचे फोटो जगभर फिरतात, आणि त्याखाली फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, फार तर गेमचं. बेंगळुरूत बसून ते बॉनेट तासून गुळगुळीत करणाऱ्याचं नाव कधीच नसतं.

टीकेच्या वेळी मात्र गावाचं नाव बरोबर सापडतं. सप्टेंबर २०२०मध्ये युबिसॉफ्टनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा केली. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. पहिली झलक पाहून लोकांनी चित्रांवर सडकून टीका केली, आणि त्या टीकेत पुणं-मुंबई ही नावं ठळक होती. मे २०२२मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. चित्रं कमी पडली होती हे मलाही वाटतं. पण कौतुकाच्या वेळी कंपनीचं नाव आणि दोषाच्या वेळी कारागिराचं गाव, ही वाटणी न्यायाची नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. संगणकानं निर्माण झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण ठरलेली व्यक्ती. व्हर्च्युअल छायाचित्र या दोन्ही व्याख्यांच्या मधोमध येतं. याच कायद्यात एखाद्या वास्तूचा फोटो काढणं आणि तो छापणं हा हक्कभंग मानलेला नाही. उद्या पुण्यात एखाद्या वास्तुविशारदानं सुंदर इमारत उभी केली, तर तिचा फोटो आपण खुशाल छापू शकतो. संगणकातल्या किल्ल्याला हीच सवलत लागू होते असं कायदा कुठे म्हणत नाही. व्यवहारात बहुतेक कंपन्या हौशी फोटोंना हरकत घेत नाहीत. त्यांना आपल्या गेमची ती प्रसिद्धीच असते. विक्रीचा प्रश्न आला की अटी लागू होतात. पण मला कायद्यापेक्षा शिष्टाचाराची चिंता जास्त आहे, कारण शिष्टाचार आपल्याला आजच पाळता येतो.

हे छायाचित्रण खरं का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. त्याचं उत्तर मला दोन कामांत मिळालं. २०१४मध्ये टाइम साप्ताहिकानं इराक युद्धाची छायाचित्रं काढलेल्या अॅश्ली गिल्बर्टसनला ‘द लास्ट ऑफ अस’ या गेममध्ये युद्धछायाचित्रकार म्हणून पाठवलं. खरी युद्धं पाहिलेल्या त्या माणसाला त्या खोट्या हिंसेत वावरणं फार जड गेलं. दुसरं काम आयरिश कलाकार अॅलन बटलरचं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’मधल्या लॉस सँटोस शहरात तो खेळातल्या फोनचा कॅमेरा घेऊन फिरला आणि पुलाखाली, पदपथावर राहणाऱ्या बेघर पात्रांचे फोटो काढत गेला. गाड्या उडवत धावणाऱ्या खेळाडूला जी माणसं दिसतही नाहीत, त्यांना त्यानं थांबून पाहिलं. ती माणसं खरी नाहीत, पण गेम बांधणाऱ्यांनी त्यांना तिथे का बसवलं हा प्रश्न पूर्ण खरा आहे. असं काम पाहिल्यावर मला तरी शंका उरली नाही.

कॅमेऱ्यालाच खेळाच्या मध्यभागी आणणारे गेम तर स्वतंत्र कर्त्यांनीच सर्वांत धीटपणे केले. नाफ्ताली फॉकनर या माओरी कर्त्याचा ‘उमुरांगी जनरेशन’ २०२०मध्ये आला. कोसळत्या जगातल्या तरुणांच्या हाती त्यानं बंदुकीऐवजी कॅमेरा दिला. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा संताप त्यामागे होता, आणि २०२१च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. स्वीडनचा ‘टोएम’ काळ्या-पांढऱ्या रंगांत माणसांना फोटोंतून मदत करायला लावतो.

आपल्या बाजूला पाहिलं तर आशेला जागा आहे. ‘फिशबाउल’ हा गेम करणाऱ्या दोघांपैकी रिया गुप्ते छायाचित्रण आणि दृश्यकलेतून गेमकडे आल्या. दुसरे प्रतीक सक्सेना. आजी गमावलेल्या एका तरुण मुलीची, तिच्या खोलीची आणि लहानपणच्या वस्तूंची ती गोष्ट आहे. गोव्यात राहून अरमान संधू यांनी केलेल्या ‘फरगॉटन फील्ड्स’मध्ये किनाऱ्याकाठचं गाव आणि तिथे परतलेला लेखक आहे. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ एका संग्रहालयातून फिरवत मानवी तस्करीपर्यंत नेतो. सोनीनं भारतीय गेमकर्त्यांसाठी सुरू केलेल्या इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये ‘फिशबाउल’ आणि ‘मुक्ती’ दोन्ही निवडले गेले. पुण्यातल्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४च्या ऑक्टोबरात आला. तो लढाईचा गेम, माझ्या आवडीचा नाही, पण भारतीय रूपरंगातलं भविष्य कल्पून बांधलेली जागा त्यात आहे.

‘मुक्ती’तलं संग्रहालय पाहताना मला बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय आठवलं. दिनकर केळकरांनी जमवलेल्या समया, अडकित्ते, कोरीव दरवाजे, मस्तानी महालाची पुनर्रचना. खोटं जग बांधणाऱ्या कारागिराला याहून समृद्ध नमुना कुठे मिळणार? तिथल्या एका दरवाज्याची चौकट, तिच्यावरची घासून झिजलेली फुलं, कड्यांभोवती काळवंडलेलं लाकूड, हे कुणी पुणेकरानं गेममध्ये उतरवलं आणि पेरूतल्या किंवा पोलंडमधल्या एखाद्या मुलीनं तिथे फोकस साधला, तर त्या फोटोत आपलं गाव असेल.

व्हर्च्युअल फोटो काढणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. फोटोखाली स्वतःच्या नावासोबत गेमचं, स्टुडिओचं आणि गावाचं नाव लिहा. राजीचा फोटो असेल तर ‘नॉडिंग हेड्स गेम्स, पुणे’ एवढं लिहायला दोन सेकंद लागतात. गेमकर्त्यांनी फोटो मोडमध्येच एक सोय द्यावी: फोटो जतन करताना ती जागा रचणाऱ्या कलाकारांची नावं त्यावर आपोआप उमटावीत. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही; कुठला भाग कुणी रचला, याची नोंद स्टुडिओकडे असतेच. आणि बालगंधर्वच्या कलादालनात दरवर्षी इतकी छायाचित्र प्रदर्शनं भरतात, त्यांत एक असंही भरवावं, ज्यात प्रत्येक चित्राखाली दोन नावं असतील: चौकट कोणाची आणि भिंत कोणाची. पुण्यातल्या छायाचित्रण मंडळांनी हे मनावर घ्यावं. वाचकांनी राजी खेळून पाहावा, पाच-सहा तासांत तो संपतो. आणि संपल्यावर पडद्यावर नावं सरकू लागतील तेव्हा बटण दाबून ती पुढे ढकलू नका, वाचा.